प्रभार नसलेला कपटा उडी का मारतो?

कोरड्या केसांवरून फिरवलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे टुणकन उडून त्याला चिकटतात. शाळेत गेलेल्या बहुतेकांनी हा प्रयोग केलेला असतो. त्याच धड्यात पुढे नियम येतो: सजातीय प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात. प्रयोग आणि नियम इतके शेजारीशेजारी शिकवले जातात की पहिल्याचे स्पष्टीकरण दुसऱ्याने झाले असे सगळे धरून चालतात. ते झालेले नसते. कंगवा आपण घासला, कपटे कोणी घासले नाहीत. नियम दोन प्रभारित वस्तूंबद्दल बोलतो आणि प्रयोगात प्रभारित वस्तू एकच आहे. धड्यातला नियम शब्दशः लावला तर कपट्याने जागचे हलायलाही नको. तरी तो हलतो, आणि दर वेळी कंगव्याच्याच दिशेने. ही विसंगती एखाद्या मुलाने वर्गात बोलून दाखवली तर तिला ‘पुढच्या वर्षी कळेल’ असे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी. पुढच्या वर्षी मात्र वीजमंडल, रोध आणि ओहमचा नियम येतो, कपटा मागेच राहतो. या पुस्तकातले प्रयोग त्या कपट्यापासून सुरू होतात. उदासीन वस्तूचे हे आकर्षण म्हणजे स्थितिक विद्युतेच्या नियमाला जोडलेली तळटीप नसून या विषयाचे प्रवेशद्वार आहे, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

इतिहास या म्हणण्याच्या बाजूने आहे. घासलेले अंबर हलक्या वस्तू ओढून घेते हे निरीक्षण ग्रीक तत्त्वज्ञ थेल्सच्या नावावर सांगितले जाते, म्हणजे ते किमान अडीच हजार वर्षे जुने आहे. इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० साली ‘दे मॅग्नेते’ या ग्रंथात अंबराचा हा गुण लोहचुंबकाच्या गुणाहून वेगळा काढला. त्यासाठी त्याने एक साधे उपकरण वापरले: टोकावर तोललेली, कुठेही सहज वळणारी धातूची हलकी सुई. काच, गंधक, लाख, अनेक रत्ने असे एकेक पदार्थ घासून त्याने सुईजवळ नेले आणि कोणता पदार्थ तिला वळवतो ते नोंदवले. सुई घासलेली नव्हती, उदासीन होती. विद्युतशास्त्राचे हे पहिले मोजसाधन उदासीन वस्तूच्या आकर्षणावरच चालत होते. चुंबक मोजक्या धातूंनाच ओढतो. घासलेले अंबर मात्र धातू, लाकूड, पाने, दगड, पाणी, तेल सगळ्यांनाच ओढते, हेही गिल्बर्टने नोंदवले. प्रतिकर्षण त्यानंतर दिसू लागले. इटलीतल्या निकोलो काबेओने १६२९ साली काही कण चिकटून पुन्हा उडतात हे लिहिले. जर्मनीतल्या ओटो फॉन गेरिकने १६७२ साली छापलेल्या ग्रंथात गंधकाचा गोळा पिसाला आधी ओढतो आणि मग हवेत तरंगत ठेवतो हे सांगितले. दोन प्रकारच्या विद्युतेचा नियम पॅरिसच्या द्यु फे यांनी मांडला तो १७३३ साली. माणसाने उदासीन वस्तूंचे आकर्षण दोन हजारांहून अधिक वर्षे पाहिले आणि प्रभारांचा नियम त्याला त्यानंतर सापडला. आपण मुलांना हाच क्रम उलटा करून देतो आणि मग नियम पाठ होतो पण पटत नाही याचे नवल करतो.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. कपट्यांवर आधीच थोडा विरुद्ध प्रभार बसलेला असेल, हाताळताना तो आला असेल, मग नियम मोडला कुठे? आक्षेप तपासायला दोन कांड्या पुरतात. रेशमाने घासलेली काच आणि लोकरीने घासलेले प्लॅस्टिक यांवर परस्परविरुद्ध प्रभार येतात. आता तोच कपटा दोन्ही कांड्यांजवळ पाळीपाळीने न्या. दोन्ही त्याला ओढतात. एकच कपटा एकाच वेळी धनप्रभाराच्याही विरुद्ध आणि ऋणप्रभाराच्याही विरुद्ध असू शकत नाही. तरी शंका उरलीच तर वर्खाचा तुकडा घेऊन तो तारेने जमिनीशी जोडा, म्हणजे आधीचा प्रभार असलाच तर निघून जाईल. आकर्षण कायम राहते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. एखादी वस्तू कांडीकडे ओढली गेली एवढ्यावरून ती प्रभारित आहे असे म्हणता येत नाही. ती उदासीनही असू शकते. ती प्रभारित आहे याचा खरा पुरावा प्रतिकर्षणच देते, कारण वर्खाच्या, कागदाच्या, थर्माकोलच्या उदासीन तुकड्यांना प्रभारित कांडी कधीच दूर ढकलत नाही. विज्ञान प्रदर्शनांत ‘बघा, ओढले, म्हणजे यावर विरुद्ध प्रभार आहे’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते तर्काला धरून नाही.

मग ओढ येते कुठून? उदासीन वस्तूत प्रभार नसतात अशी आपली समजूत असते, आणि अडचण तिथेच आहे. उदासीन वस्तू प्रभारांनी ठासून भरलेली असते, फक्त धन आणि ऋण सारखे असतात. वर्खाच्या तुकड्याजवळ ऋणप्रभारित कंगवा आला की वर्खातले मोकळे इलेक्ट्रॉन दूरच्या टोकाकडे ढकलले जातात आणि जवळच्या टोकाला धनप्रभार उघडा पडतो. एकूण बेरीज अजूनही शून्यच आहे. पण जवळच्या टोकावर ओढ आहे, दूरच्या टोकावर तितक्याच प्रभारावर ढकल आहे, आणि जवळची ओढ दूरच्या ढकलण्याहून मोठी आहे. कंगव्यावर धनप्रभार असता तर वर्खातली हालचाल उलट झाली असती आणि निकाल तोच लागला असता. म्हणून कांडी कोणत्याही प्रभाराची असो, उदासीन वस्तू तिच्याकडेच येते. याला प्रवर्तन म्हणतात. जॉन कॅन्टनने १७५३ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांनी त्याचा रस्ता दाखवला आणि एपिनसने १७५९ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये छापलेल्या ग्रंथात त्याची गणिती मांडणी केली. शाळेतला नियम इथे चुकीचा ठरत नाही, अपुरा ठरतो. प्रभाराचा प्रकार तो सांगतो, अंतराबद्दल गप्प राहतो. आणि कपट्याच्या बाबतीत सारा निकाल अंतरावर अवलंबून आहे.

किती अवलंबून, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. कूलोमने १७८५ साली पीळ-तराजूने दाखवले की दोन प्रभारांमधला जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. कंगव्याऐवजी एक बारीक प्रभारित गोळा घेऊ, आणि त्याच्यापासून १ सेंटिमीटरवर १ मिलिमीटर लांबीचा वर्खाचा तुकडा. जवळच्या टोकावरची ओढ १०० धरली तर दूरच्या टोकावरचा ढकलण्याचा जोर सुमारे ८३ येतो, म्हणजे निव्वळ ओढ १७. तोच तुकडा १० सेंटिमीटरवर ठेवला तर या दोन जोरांतला फरक शंभरात दोनच उरतो. शिवाय मुळातला जोर शंभरपट घटलेला असतो आणि तुकड्यात इकडचे तिकडे सरकणारे प्रभारही शंभरपट कमी झालेले असतात. तिन्ही घटींचा गुणाकार केला की अंतर दहापट वाढल्यावर ओढ सुमारे लाखपट घटते. कंगवा खाली आणताना बराच वेळ काही होत नाही आणि मग एका ठरावीक उंचीवर कपटे एकदम उसळतात, ते याच कारणाने. यात आणखी एक गोष्ट आहे: गोळ्याच्या आजूबाजूचे विद्युतक्षेत्र सगळीकडे सारखे असते तर दोन्ही टोकांवरचे जोर तंतोतंत फिटले असते आणि तुकडा फार तर वळला असता, सरकला नसता. उदासीन वस्तू खेचण्यासाठी क्षेत्र नुसते तीव्र असून भागत नाही, ते असमान असावे लागते.

वर्ख ठीक आहे, त्यात इलेक्ट्रॉन मोकळे असतात. थर्माकोलचा मणी, कोरडा कागद, चुन्याची भिंत हे तर दुर्वाहक, त्यांच्यात सरकणार काय? हा आक्षेप सगळ्यांत खोल जातो, आणि त्याचे उत्तर मला या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटते. दुर्वाहकात इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला बांधलेले असतात, पण बांधलेले म्हणजे खिळलेले नव्हेत. बाहेरून क्षेत्र आले की प्रत्येक अणूतला इलेक्ट्रॉनांचा ढग केंद्रकाच्या मानाने किंचित एका बाजूला झुकतो. हा ‘किंचित’ किती? हायड्रोजनचा अणू १० लाख व्होल्ट प्रति मीटर इतक्या क्षेत्रात ठेवला तर, आणि घासलेल्या प्लॅस्टिकच्या अगदी जवळ क्षेत्र याच पातळीचे असू शकते, ढगाचा मध्य केंद्रकापासून सुमारे अर्धा फेम्टोमीटर सरकतो. एक फेम्टोमीटर म्हणजे मीटरचा हजार लाख कोटीवा भाग. अणूच्या केंद्रकात बसलेला एकटा प्रोटॉनच सुमारे १.७ फेम्टोमीटर रुंद असतो. प्रोटॉनच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी सरकणे, आणि त्यातून डोळ्यांना दिसणारी उडी निर्माण होते! एका घनसेंटिमीटर घन पदार्थात १० च्या २२ व्या घाताहून अधिक अणू असतात आणि ते सगळे एकाच दिशेने झुकतात, म्हणून हे शक्य होते. आतल्या थरांत एकाचे झुकणे शेजाऱ्याच्या झुकण्याने फिटते, पण पृष्ठभागावर फेडायला शेजारी नसतो, आणि तिथे प्रभाराचा पातळ थर उघडा पडतो. मायकेल फॅरडेने १८३७ साली धातूच्या गोलांमध्ये गंधक, लाख, काच असे दुर्वाहक भरून दाखवले की ते विद्युत परिणामात निमूट बसत नाहीत, भाग घेतात. त्यांचा भाग किती मोठा, हे आज एका साध्या अपूर्णांकात सांगता येते. प्रभारित वस्तूला धातूची भिंत जितक्या जोराने ओढते त्याच्या तुलनेत दुर्वाहक भिंत किती ओढेल, हे त्या पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून निघते: त्यातून एक वजा करा आणि आलेल्या संख्येला त्यात एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागा. कोरड्या भिंतीसाठी हा स्थिरांक ४ धरला तर उत्तर ०.६ येते. म्हणजे बांधलेल्या इलेक्ट्रॉनांची भिंत मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या धातूच्या साठ टक्के ओढ देते. दुर्वाहकाला ‘निष्क्रिय’ म्हणणे आपण सोडून द्यायला हवे.

भिंतीला चिकटलेला फुगा हे याचेच दुसरे रूप. इथे उदासीन वस्तू जागची हलत नाही, प्रभारित वस्तू तिच्याकडे जाते; न्यूटनचा तिसरा नियम माहीत असलेल्याला त्यात आश्चर्य वाटायला नको. प्रश्न असा विचारला जातो की फुगा भिंतीला टेकला की दोघांचे प्रभार एकमेकांत मिसळून संपत का नाहीत. उत्तर दोन्ही पृष्ठभागांच्या स्वभावात आहे: रबरावरचा प्रभार जिथे घासला तिथेच अडकून पडतो, भिंतीतला प्रभार तर आपल्या अणूंनाच बांधलेला असतो, आणि खरा स्पर्श मोजक्या ठिपक्यांवरच होतो. जोराचा हिशेबही करून पाहावा. कोरडी हवा सुमारे ३० लाख व्होल्ट प्रति मीटरपर्यंत क्षेत्र सोसते, त्यापुढे ठिणगी पडते. त्या मर्यादेला येणारी ओढ दर चौरस मीटरला सुमारे ४० न्यूटन, म्हणजे १० चौरस सेंटिमीटरवर साधारण ४ ग्रॅम वजनाएवढी. साधा फुगा दोनतीन ग्रॅमचा असतो. तो का टिकतो आणि पुस्तक का टिकत नाही, हे या एका आकड्यात आहे. कपट्यांकडे मात्र जवळून पाहायला हवे. कंगवा खाली येतो तसा लांबट कपटा आधी एका कडेवर उभा राहतो, मग उडतो. थर्माकोलचा मणी चिकटून बसतो. वर्खाचा तुकडा कंगव्याला टेकताच क्षणात दूर फेकला जातो, कारण स्पर्शाबरोबर त्याने कंगव्याचाच प्रभार घेतलेला असतो. कागद या दोघांच्या मधला: हवेतल्या ओलाव्यामुळे तो किंचित वाहक असतो, म्हणून काही कपटे थोडा वेळ चिकटून मग सुटतात. प्रवर्तन, स्पर्शाने प्रभारण आणि प्रतिकर्षण अशा तीन गोष्टी इथे मिनिटभरात डोळ्यांसमोर घडतात.

नळाच्या बारीक धारेला वाकवणारा कंगवा हा दुसरा लोकप्रिय प्रयोग, आणि त्याच्या प्रचलित स्पष्टीकरणाशी माझे भांडण आहे. पाण्याचा रेणू मुळातच दोन ध्रुवांचा असतो, तो कंगव्याकडे तोंड करून वळतो, म्हणून धार वाकते, असे अनेक पुस्तकांत असते. रेणूचे ध्रुव खरे आहेत, पण सगळे श्रेय त्यांना देणे बरोबर नाही. नळाच्या पाण्यात विरघळलेले आयन असतात, ते पाणी वर्खासारखे वाहक असते. कंगवा जवळ आला की धारेच्या सुटत्या थेंबांकडे विरुद्ध प्रभार सरकतो आणि उरलेला नळाच्या धातूतून निघून जातो. २००० साली अमेरिकेतल्या एका रसायनशिक्षणाच्या नियतकालिकात आलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष हाच होता की धार वळते ती प्रवर्तनाने प्रभारित झाल्यामुळे, रेणू वळल्यामुळे नव्हे. गिल्बर्टने चारशे वर्षांपूर्वी कोरड्या पृष्ठभागावरच्या पाण्याच्या थेंबाजवळ घासलेले अंबर नेले तेव्हा थेंब शंकूसारखा वर उचलला गेला होता. तो प्रयोग आजही धारेच्या प्रयोगाहून अधिक शिकवतो, कारण त्यात नळ नाही, वाहते पाणी नाही, आणि काय घडते ते शांतपणे पाहता येते.

हे सगळे खेळण्यापुरते आहे, असा एक आक्षेप उरतो. २०२० साली जगभर लोकांनी तोंडाला बांधलेला एन-९५ मास्क हे त्याचे उत्तर आहे. त्याच्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलीनचे अतिसूक्ष्म धागे असतात आणि त्यांवर कायमचा प्रभार बसवलेला असतो. सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण चाळणीने पकडणे सर्वांत अवघड: ते इतके जड नसतात की वळणावर हवेची साथ सोडून धाग्यावर आदळतील, आणि इतके हलकेही नसतात की सैरभैर भटकत धाग्याला लागतील. प्रभारित धागा अशा उदासीन कणालाही प्रवर्तनाने ओढतो. म्हणून थर विरळ ठेवून श्वास सुकर करता येतो. अशा मास्कवर अल्कोहोल फवारू नये किंवा तो साबणाने धुऊ नये असे सांगितले जाई, त्याचे कारण कापड फाटते हे नव्हते. धाग्यांवरच्या प्रभाराचा परिणाम जातो. कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रांत मात्र धुरातली राख पकडताना वेगळा मार्ग घ्यावा लागतो. तिथे उच्च दाबाच्या तारांनी राखेच्या कणांनाच आधी प्रभारित करतात आणि मग ते जमिनीशी जोडलेल्या पत्र्यांवर गोळा होतात. दोन्हींतला फरक अंतराचा आहे. मास्कच्या धाग्यांमधली फट मायक्रॉनांत मोजायची, तिथे उदासीन कणावरची ओढ पुरते. राखेच्या पत्र्यांमधली वाट त्याहून हजारो पटींनी मोठी, आणि अंतरासोबत इतक्या झपाट्याने मरणारी ओढ तिथे उपयोगाची नाही. निसर्गातही याचा वापर दिसतो. बर्कलेच्या दोन जीवशास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवले की उडताना धनप्रभारित होणारा कीटक जवळ आला की कोळ्याच्या जाळ्याचे धागे त्याच्याकडे झेपावतात.

प्रयोग करणाऱ्यांसाठी हवामानाची सूचना. डिसेंबर ते फेब्रुवारीत पुणे, नाशिक, नागपूरकडे हे प्रयोग हमखास जमतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात हमखास फसतात. दमट हवा वीज वाहून नेते, असे कारण दिले जाते. खरे कारण वस्तूंच्या पृष्ठभागावर बसणारा पाण्याचा पातळ थर आहे, प्रभार त्यावरून पसरत जातो. काच आधी थोडी गरम करून घेतली की जुलैतही काम भागते. घासल्याने प्रभार मुळात येतो कसा, इलेक्ट्रॉन पलीकडे जातात, आयन जातात की पदार्थाचे सूक्ष्म तुकडेच जातात, यावर आजही वाद आहे. घासलेल्या पृष्ठभागावर धन आणि ऋण ठिपक्यांची गोधडी असते, एकसारखा थर नसतो, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. या पुस्तकाने त्या वादात शिरायचे टाळले आहे, आणि ते योग्य आहे, कारण प्रभार कसाही आलेला असो, उदासीन वस्तूवरची त्याची ओढ त्याच रीतीने निघते.

शिक्षकांचा एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो: नियम आधी दिला नाही तर मुले गोंधळतील. इथे नियम वगळलेला नाही, पुढे ढकलला आहे. पहिले सगळे प्रयोग एका प्रभारित आणि एका उदासीन वस्तूचे आहेत आणि त्यांत फक्त अंतर मोजायचे, उडी कुठून सुरू झाली ते लिहून ठेवायचे. नियम येतो तो द्यु फे यांनी केलेल्या प्रयोगातून. घासलेल्या काचेला टेकून दूर फेकला गेलेला सोन्याचा वर्ख त्यांनी हवेत तरंगत ठेवला आणि त्याच्याजवळ घासलेली कोपल राळ नेली. वर्ख तिच्याकडे झेपावला. आपल्याला सोन्याची गरज नाही. चॉकलेटच्या चांदीची पातळ पट्टी रेशमाच्या दोऱ्याला टांगा, घासलेल्या कंगव्याला एकदा टेकू द्या, मग तिच्या एका बाजूला कंगवा आणि दुसऱ्या बाजूला रेशमाने घासलेली कोरडी परीक्षानळी आणा. पट्टी कंगव्यापासून पळते आणि नळीकडे जाते. उदासीन पट्टी दोन्हींकडे गेली असती, हे मुलांना तोवर माहीत झालेले असते.